चाकं फिरली, काटा हलला नाही

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं. माझ्या १९९३ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपचं मागचं हाऊसिंग त्यानंच खाल्लं. कव्हरची कड गंजली, तेल गळून गेलं, बेअरिंग घरघरायला लागलं.

हाऊसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा लोखंडी नळा. इंजिनाकडून लांब शाफ्टनं आलेली फिरकी त्याच्या पोटातले क्राऊन आणि पिनियन काटकोनात वळवून चाकांना देतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हेच काम शिकलो. त्यामुळे भंगाराच्या यार्डातून १९८५ च्या एफ-१५० चं हाऊसिंग आणताना मनात शंका नव्हती.

मापं घेतली. दोन्हींत क्राऊन ८.८ इंची. चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकाही जुळल्या. कव्हरच्या बोल्टला अडकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर ३.५५ हा आकडा होता: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे. माझ्या गाडीचंही तेच प्रमाण. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत हे प्रमाण पुढच्या हाऊसिंगशीही जुळावं लागतं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर सगळी यंत्रणा आवळली जाते.

यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. तेल भरलं, ब्रेकमधली हवा काढली. गाडी निघाली, घरघर बंद. पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच, आणि एबीएसचा दिवा लागलेला.

१९८५ च्या गाडीत वेगाची केबल गिअरबॉक्समधून निघायची. १९८७ पासून फोर्डनं या पिकअपना मागच्या चाकांचं एबीएस दिलं. त्यासाठी क्राऊनशेजारी दातेरी कडं आलं आणि हाऊसिंगच्या माथ्यावर सेन्सरचं भोक. कड्याचे दात समोरून सरकले की सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. १९९२ पासून स्पीडोमीटरही त्याच ठोक्यांवर चालू लागला. यार्डातून आणलेल्या १९८५ च्या हाऊसिंगला कडं नव्हतं, भोकही नव्हतं.

हाऊसिंगकडे आता दोन कामं होती: ओझं वाहणं आणि वेग कळवणं. मी पहिल्याचीच मापं घेतली होती. बर्फात मोकळी पिकअप ब्रेक मारताच मागून घसरते. तिथे हे एबीएस नसलं तर माणूस जिवाला मुकू शकतो.

पुढच्या शनिवारी ते उतरवलं, १९९० चं चढवलं. माझा सेन्सर त्याच्या भोकात नेमका बसला. काटा उठला, दिवा विझला.

आता यार्डात गेलो की हाऊसिंगच्या माथ्यावरची माती आधी पुसतो. भोक बोटाला लागलं की मगच टेप काढतो.