सोलापुरी चादर घेताना

सोलापूरहून पाहुणे परत निघाले की त्यांच्या पिशवीत दोन वस्तू हमखास जातात : शेंगांची चटणी आणि चादर. चटणीत आम्ही कधी फसलो नाही. चादरीत मात्र फसलो, तेही याच शहरात जन्म काढून.

भाचीच्या निकाहच्या वेळची गोष्ट. ऐन गडबडीत बाजारात गेलो, घासाघीस करून सहा चादरी स्वस्तात आणल्या आणि खुशीत खालाजानकडे पाठवून दिल्या. पहिल्याच धुण्यात रंग सुटला. सोबतची पांढरी खोळही गुलाबी झाली. खालाजान फोनवर एवढेच म्हणाल्या, "रंग जरा कच्चा निघाला, बेटा." चादरीवर ‘सोलापुरी’ असे ठळक छापलेले होते. आम्हाला मान वर करवेना.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील पूर्व भागात मागावर काम करतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "सर, तुम्ही भाव विचारलात. सूत विचारलं का?"

त्यांनी शिकवले ते असे. चादर उलटून पाहा. खऱ्या सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर विणलेली असते, म्हणून ती मागच्या बाजूलाही उमटते. फक्त रंगांची अदलाबदल होते. छापील नक्षी मागून फिकी दिसते. कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो व मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासा. रंग लागला तर चादर खाली ठेवा.

आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. आज बहुतेक चादरी यंत्रमागावर निघतात. त्यात वाईट काही नाही, पण ‘हातमाग’ म्हणून जास्त दाम कोणी मागितला तर 2006 पासून सुरू असलेले सरकारी ‘हँडलूम मार्क’ दाखवायला सांगावे. हातमागाचे खरे कसब पाहायचे तर इथली विणलेली भिंतचित्रे पाहावीत. पद्मशाली विणकर एकेक रंगाचा धागा भरत माणसाचा चेहरासुद्धा विणून दाखवतात.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून आता बरीच वर्षे झाली. दुसरीकडे विणलेल्या मालाला हे नाव लावणे कायद्याने गुन्हा आहे. तरी नकली माल खपतो, कारण आपण नाव वाचतो आणि वस्तू पाहत नाही. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, पेरूमधील पिसाक किंवा इक्वाडोरमधील ओटावालो या गावांचे बाजार हातविणीच्या शाली आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथेही अल्पाका या प्राण्याच्या लोकरीची म्हणून अ‍ॅक्रिलिकची शाल पर्यटकाच्या गळ्यात पडते. लोकर ओळखायची परीक्षा तीच : जळताना केस जळाल्याचा वास आला पाहिजे.

मालातला दोष लपवू नये, हे आपण मुलांना शिकवतो. पण गिऱ्हाइकाचीही एक जबाबदारी असते. दिवसभर उभे राहून विणणाऱ्याच्या मजुरीतून शेवटचे वीस रुपये काढून घेण्यात आपण हुशारी मानतो, आणि मग तेवढ्याच भावात नकली माल देणारा दुकानदार आपल्याला आवडू लागतो. आम्ही सहा चादरींत जे वाचवले, ते खरे तर कोणा विणकराचे होते.

या ईदला आम्ही दोनच चादरी घेतल्या. उलटून पाहिल्या, धागा जाळला, रुमाल घासला. दुकानदार वैतागला नाही. उलट त्याने स्वतःच काडी पेटवून दिली. दोन्ही चादरी खालाजानकडे गेल्या. परवा त्यांचा फोन आला : "चार वेळा धुतली, बेटा. तशीच आहे."