संकोचाची किंमत

ज्या व्याधीविषयी चारचौघांत बोलता येत नाही, तिच्यावरील औषधही चोरूनच घेतले जाते. पुरुषांच्या लैंगिक दौर्बल्याबाबत हेच घडत आले आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंती रंगविणाऱ्या ‘गुप्तरोग’तज्ज्ञांची या संकोचावर वर्षानुवर्षे गुजराण झाली. आता तेच गिऱ्हाईक औषधांच्या दुकानात आवाज खाली करून गोळी मागते. कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, तरीही ती मिळते. गोळी गुणकारी आहे, याविषयी वाद नाही. धोका आहे तो त्या खाली केलेल्या आवाजात.

या गोळीतील सिल्डेनाफिल हे द्रव्य मुळात हृदयशूळावरील उपाय म्हणून तपासले जात होते. त्या कामी ते फारसे उपयोगी ठरले नाही; परंतु त्याचा निराळाच परिणाम दिसून आला, आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ या नावाने त्यास मान्यता मिळाली. हा जन्मवृत्तांत विसरता कामा नये. हे औषध वासना निर्माण करीत नाही. ते रक्तवाहिन्या शिथिल करते.

छातीत कळ येताच अनेक हृदयरोगी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात. नायट्रेट वर्गातील हे औषधही रक्तवाहिन्याच शिथिल करते. दोहोंची गाठ पडली की रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि प्राणांवर बेतते. म्हणूनच सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट वर्ज्य मानतात. जो नित्य नायट्रेट घेतो, त्याने या गोळ्यांच्या वाटेलाच जाऊ नये. आता कल्पना करा : पंचावन्न वर्षांचा गृहस्थ छाती धरून रुग्णालयात येतो, उशाशी पत्नी व मुलगा उभे असतात, आणि डॉक्टर विचारतात, ‘काही औषध घेतले होते का?’ संकोचापोटी दिलेले ‘नाही’ हे उत्तर त्या क्षणी प्राणघातक ठरू शकते.

डोकेदुखी, चेहरा तापणे, अपचन, नाक चोंदणे, क्वचित निळसर दिसणे, हे परिणाम बहुधा काही तासांत ओसरतात. परंतु दृष्टी वा श्रवणशक्ती अकस्मात गेली, अथवा ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रोस्टेट वा रक्तदाबावरील काही औषधांशीही या गोळ्यांचे जमत नाही. तेव्हा आपण काय काय घेतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. दिवसातून एकीपेक्षा अधिक गोळी घेऊ नये. ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या चूर्णांतही हेच द्रव्य न सांगता मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. हे दौर्बल्य पुष्कळदा मधुमेहाचे वा अरुंद होत चाललेल्या रक्तवाहिन्यांचे पहिले लक्षण असते, आणि हृदयविकाराची ती पूर्वसूचनाही असू शकते. जो चोरून गोळी घेतो, तो ही सूचना न वाचताच फाडून टाकतो. डॉक्टरांनीही हा प्रश्न आपण होऊन, रोग्यास एकांतात विचारावयास हवा. रोग लपविल्याने प्रतिष्ठा राखली जात नाही; फक्त निदानाला उशीर होतो.