प्रवासपुस्तिका पारखायची कशी? ग्वाल्हेरच्या पानावरून काही ठोकताळे

मागच्या हिवाळ्यात सांगलीहून माझी मावसबहीण ग्वाल्हेरला आली होती. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. बाकी काही पाहायला मिळालं नसतं तरी तिची तक्रार नव्हती, चतुर्भुज मंदिरातलं शून्य मात्र तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. हाताशी एकच दिवस, आणि मी नेमका तापाने अंथरुणात. म्हणून माझ्याकडची एक प्रवासपुस्तिका तिच्या हाती दिली. गुळगुळीत कागद, झकास फोटो. संध्याकाळी ताई परतली ती हिरमुसून. म्हणाली, "अरे, अख्खा किल्ला पालथा घातला. शून्याच्या नावाने शून्यच!"

रात्रीच्या गाडीने ती गेली. मग मी ते पान नीट वाचलं. किल्ल्यावर जगातलं पहिलं शून्य आहे, एवढाच मजकूर होता. त्या एका ओळीत दोन चुका होत्या.

पहिली चूक जागेची. किल्ल्यावर जायच्या मुख्य वाटा दोन. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याकडून गाडी थेट वर जाते. पूर्वेची, गुजरी महालाजवळून निघणारी वाट पायी चढायची. चतुर्भुज मंदिर माथ्यावर नाहीच. ते या पायवाटेवर, हत्ती पोळच्या खाली, खडकात कोरलेलं आहे. ताई गाडीने चढली आणि गाडीनेच उतरली. तिला ते दिसणार कसं?

दुसरी चूक दाव्याची. या मंदिरातला शिलालेख इ. स. ८७६ चा. देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि पूजेसाठी रोज फुलांच्या ५० माळा, अशी त्यात नोंद आहे. २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, लहानसं वर्तुळ. पण कंबोडियातल्या ६८३ सालच्या लेखात टिंबाच्या रूपातलं शून्य आहे, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं. भारतात ज्यांचा काळ पक्का सांगता येतो अशा जुन्या शून्यांपैकी आपलं एक, असं म्हटलं तर त्याची थोरवी कुठे कमी होते?

तेव्हापासून कुठलीही प्रवासपुस्तिका विकत घेण्याआधी मी एक करतो. ज्या गावाला जायचंय ते पान न उघडता आपल्या गावचं पान उघडतो. परक्या गावचं पान नेहमीच बरोबर वाटतं, कारण आपल्याला काही ठाऊकच नसतं. आपल्या गल्लीबद्दल जो चुकतो, तो दुसऱ्यांच्या गल्लीबद्दलही चुकत असणार.

त्या पानावर मी तीन गोष्टी बघतो. एक, नुसती ठिकाणांची यादी आहे की वाटही सांगितली आहे? ग्वाल्हेरपुरतं सांगायचं तर गाडीने उरवाईकडून वर जावं, म्हणजे जाताना कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती दिसतात. वर मानमंदिर पाहून पूर्वेच्या वाटेने पायी उतरावं आणि गाडी खाली किला गेटला बोलवावी. उतारावर चतुर्भुज मंदिर लागतं, शेवटी गुजरी महालातलं संग्रहालय. गुडघेही वाचतात. एवढ्या चार ओळी असत्या तर ताईचा दिवस फुकट गेला नसता.

दोन, ऐकीव गोष्ट आणि पुरावा वेगळे ठेवले आहेत का? सास-बहू मंदिरांची सासू-सुनेची कथा सगळेच सांगतात. खुशाल सांगावी. पण मोठ्या मंदिरात १०९३ चा शिलालेख आहे, आणि पद्मपालाने सुरू केलेलं हे विष्णुमंदिर महीपालाने पूर्ण केलं हे त्यावरून कळतं. 'सहस्रबाहू'चं 'सास-बहू' झालं, असंही मानतात. हे सांगणारी पुस्तिका मी विकत घेतो.

तीन, मध्ये काय गाळलं आहे? बहुतेक पुस्तिकांत संगीत तानसेनाच्या कबरीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. इथल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात नेली, १९१८ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं, याचा पत्ताच नसतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेलं आपलं लष्कर म्हणजे यांच्या लेखी फक्त बाजार. तिथले मराठी वाडे एकेक करून पडताहेत. जे कुणी पाहायलाच येत नाही, ते राखा म्हणून सांगायचं तरी कुणाला?

तिकिटांचे दर आणि वेळा मात्र मी परीक्षेत धरत नाही. ते बदलतातच. छापल्याचं साल बघावं आणि निघण्याआधी फोन करून विचारावं.

आता आपलाही कान धरतो. मागे पाहुण्यांसाठी मी स्वतः मराठीत एक पानभर टिपण केलं होतं. त्यात फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी होती, शिंद्यांच्या छत्र्या होत्या, १८७४ चा जयविलास महाल होता. मानसिंह तोमराचं नाव एकदा आलं होतं, मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्यांचं एकदाही नाही. म्हणजे त्या पुस्तिकेने आपल्याला गाळलं, तसं मी इतरांना गाळलं होतं. माझ्याच कसोटीवर मी नापास.

ती पुस्तिका मी फेकली नाही. तिच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या आहेत, आणि पाहुण्यांना तीच देतो. चतुर्भुज मंदिरापाशी लिहिलंय: 'वर नाही, उतरताना. विजेरी न्यावी.' त्या पानाचा फोटो ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "दिवाळीनंतर येते. या खेपेला तू आजारी पडू नकोस."

वाचकहो, तुम्ही इंदूरचे असा, बडोद्याचे असा की बेळगावचे, घरात असेल ती पुस्तिका काढा आणि आपल्या गावचं पान वाचा. पेन्सिल जवळ ठेवा.