माईचा खुळखुळा

मीरा-भाईंदरमध्ये नवरात्र म्हटलं की गरबा आलाच. गुजराती शेजार मोठा, त्यामुळे दोन टाळ्या कुठे आणि तीन कुठे हे आपल्या मराठी मुलींनाही पाठ. पण त्याच गुजरातचा आणखी एक नाच आहे, सिद्दींचा 'गोमा'. त्यालाच 'धमाल' असंही म्हणतात. तो आपल्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिला असेल.

सिद्दी म्हटलं की आपल्याला आठवतो मुरुडचा जंजिरा आणि शाळेच्या पुस्तकातला हबसाण. पण सगळेच सिद्दी काही किल्ल्यांचे धनी नव्हते! अनेकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं गेलं. काही खलाशी, काही शिपाई म्हणून आले. पिढ्या गेल्या, मूळ भाषा हरवली. आज गुजरातचे सिद्दी गुजराती बोलतात, उत्तर कन्नडमधले कोकणी. तरी 'गोमा' हा शब्द टिकला. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचसुद्धा.

वाद्यंही तिकडचीच. पाय असलेला, जमिनीवर उभा राहणारा ढोल म्हणजे मुगरमान. आणि मलुंगा म्हणजे चक्क धनुष्य! त्याला भोपळा बांधलेला असतो आणि तारेवर काठीनं ठोका द्यायचा. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांकडे 'बेरिंबाऊ' आहे, अगदी याच जातकुळीचं. कापोएरा या तिथल्या खेळात तेच ठेका धरतं. एक धनुष्य समुद्रातून पश्चिमेला गेलं, दुसरं पूर्वेला आलं.

मला सगळ्यात आवडला तो मात्र नारळाच्या करवंटीचा खुळखुळा. त्याचं नाव 'माई मिश्रा'. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे (भाईंदरवरून जाणारी रेल्वेच पुढे भरूचला पोचते). माई मिश्रा ही त्यांची बहीण. दंतकथा अशी, की तिथल्या राक्षसिणीपुढे भावांचं काही चालेना. बाईवर हात कसा उचलायचा? मग बहीण आली आणि तिनं राक्षसिणीला जमिनीत गाडलं. मूल व्हावं म्हणून बायका आजही माईलाच साकडं घालतात. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्या धर्मांची माणसं त्या दर्ग्यावर येतात.

गोमा आता देशोदेशींच्या रंगमंचांवर पोचला आहे. तिथे टाळ्या मिळतात त्या बहुतेक करून पुरुषांच्या उड्यांना आणि डोक्यानं नारळ फोडण्याला. मलुंग्याला गर्दी खेचता येत नाही. त्याचा आवाज बारीक, जवळ बसून ऐकण्याचा. गावोगाव फिरणारे फकीर तो वाजवत. फिरणं थांबलं तसे वाजवणारे हातही कमी झाले.

गीरमधल्या जांबूरच्या हिरबाई लोबी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. सिद्दी बायकांना बचत आणि रोजगार, मुलांना बालवाडी, हे त्यांचं काम. मलुंग्याचं कौतुक आपण करू, पण तो शिकायला बसणाऱ्या पोराच्या घरी आधी चूल पेटायला हवी ना!