नादी लागणं, मार्गी लागणं आणि 'पुट ऑफ'

जालन्याच्या मोंढ्यात दिवसभर 'लागणे' या एका क्रियापदाची रूपं कानावर पडतात. पैसे हाती लागतात, उधारीवाला मागे लागतो, रखडलेलं काम मार्गी लागतं, कुणाचा पोरगा भलत्याच नादी लागतो. यांची यादी कुणी पाठ केलेली नसते. शब्द त्या त्या प्रसंगासकट कानावर आले आणि अंगवळणी पडले.

इंग्रजीतल्या 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' यांचीही हीच जात आहे. 'पुट'चा अर्थ कोशात पाहून यातलं एकही उलगडत नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. आधी ते पाचवीत सुरू व्हायचं. तरी मंठ्या-भोकरदनच्या मुलाला 'पोस्टपोन' लवकर भेटतो आणि 'पुट ऑफ' उशिरा. पुस्तकांतलं, सूचनांतलं इंग्रजी लॅटिनमधून आलेल्या भारदस्त शब्दांवर पोसलेलं असतं; घरात-बाजारात बोललं जातं ते जुन्या जर्मानिक मुळांचं. आपल्याकडेही सूचनाफलकावर परीक्षा 'स्थगित' होते, पोरं मात्र 'पुढं ढकलली' म्हणतात. 'पुट ऑफ' म्हणजे नेमकं हेच.

शब्दयोगी अव्ययांची अडचण वेगळी. मराठीतला 'वर' किंवा 'शी' तसाच उचलून इंग्रजीत ठेवला की गफलत होते. 'माझ्यावर रागावला'चं 'अँग्री ऑन मी' होतं. इंग्रजी माणूस 'अँग्री विथ मी' म्हणतो. 'तिच्याशी लग्न'चं 'मॅरीड विथ हर' होतं. तिथे हवं 'टू'. परतूरला जाणारा माणूस मराठीत रेल्वेतही बसतो आणि रिक्षातही. इंग्रजीत तो 'ऑन द ट्रेन' असतो, पण 'इन द रिक्षा'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे बहुधा 'ऑन'. वाकून आत शिरावं लागतं, तिथे 'इन'. इतकं ध्यानात ठेवलं तरी बराच गोंधळ मिटतो.

उरतो शब्दांच्या जागेचा प्रश्न. विहिरीवरची मोटर बंद करायला 'स्विच ऑफ द मोटर' चालतं, 'स्विच द मोटर ऑफ'ही चालतं. मोटरऐवजी 'इट' आलं, की ते मधेच बसतं: 'स्विच इट ऑफ', आणि बोलताना जोर 'ऑफ'वर येतो. 'लुक आफ्टर'ची जोडी मात्र फुटत नाही. तिथे 'लुक आफ्टर इट' असंच म्हणावं लागतं.