तानसेनच्या अंगणात

ग्वाल्हेर म्हणजे एक शहर नव्हे, तीन शहरं आहेत. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तळ ठोकल्यावर वसत गेलेलं लष्कर आणि छावणीचं मुरार. मराठी पाहुणा बहुधा लष्करातच रमतो. तिथं जयविलास आहे, महाराज बाडा आहे, आपल्याकडची आडनावं लावलेल्या दारावरच्या पाट्या आहेत. हजीरा या वस्तीकडे तो वळतो ते एकाच कामासाठी. टमटमवाल्याला 'तानसेन मकबरा' सांगायचं, उतरायचं, दोन फोटो काढायचे आणि परत फिरायचं.

मी तिथं एक अख्खा दिवस बसून काढला. मकबरा बघायला अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ माणसं बघण्यात गेला, आणि त्या अंगणाची खरी गंमत तीच आहे.

'हजीरा' या शब्दाचा अर्थच मुळी कबरीभोवतीचं बंदिस्त आवार. आज मात्र हे नाव घेतलं की ग्वाल्हेरकराला भाजीबाजार, टमटमांची गर्दी आणि गिरणगाव आठवतं. शेजारीच बिर्लानगर आहे. १९२१ साली उभी राहिलेली जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे सगळ्यांची 'जेसी मिल', नव्वदच्या दशकात बंद पडली. गिरणी गेली, चाळी राहिल्या, चाळींमधली माणसंही राहिली. दोन खोल्यांत सहा-सात जणांनी राहायचं म्हटल्यावर घरातल्या म्हाताऱ्याला पाय मोकळे करायला आणि पोराला अभ्यासाला जागा लागतेच. हजीऱ्यात ती जागा म्हणजे सोळाव्या शतकातल्या एका सूफी पीराच्या कबरीभोवतीची हिरवळ.

त्या पीराचं नाव शेख मुहम्मद गौस. शत्तारी पंथाचे. १५६३ मध्ये ते वारले आणि ग्वाल्हेरला त्यांना मूठमाती मिळाली. मकबरा चौकोनी आहे, चार कोपऱ्यांना षटकोनी बुरूज, वर एक भला मोठा घुमट. कधीकाळी त्यावर निळ्या चकाकत्या फरशा होत्या. पण खरी पाहण्याजोगी आहे ती बाजूंची दगडी जाळी. मधल्या दालनाभोवती पडवी फिरते आणि तिच्या बाहेरच्या भिंती जवळजवळ साऱ्या जाळीच्याच आहेत. प्रत्येक पडद्याची नक्षी निराळी. कुठं षटकोन, कुठं तारे, कुठं एकात एक अडकलेल्या रेघा. सकाळचं ऊन तिरपं आत येतं तेव्हा तीच नक्षी जमिनीवर उमटते आणि दुपारपर्यंत हळूहळू सरकत राहते. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा वेळी ही जाळी पाहायची वस्तू राहत नाही. लोक तिला पाठ टेकून बसतात आणि वाऱ्याची वाट बघतात.

पहाटे येतात ते फिरणारे. गळ्याला मफलर, पायात पांढरे बूट, बोलायला राजकारण. पाठोपाठ चटया घेऊन योगासनवाले. डोळे मिटून अनुलोम-विलोम करणाऱ्या त्या मंडळींना बहुधा ठाऊक नसेल की ज्यांच्या दारात ते बसले आहेत त्या गौस साहेबांनी हठयोगावरचा 'अमृतकुंड' हा ग्रंथ फारसीत नव्यानं मांडला होता. 'बहर-उल-हयात' हे त्याचं नाव, म्हणजे जीवनाचा सागर. पुढं, १६०० नंतर लवकरच, शाहजादा सलीमच्या चित्रकारांनी त्याची एक सचित्र प्रत केली. तिच्यात वीसेक आसनं घातलेले जोगी रंगवले आहेत. ती प्रत आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. डब्लिनमध्ये काचेखाली ठेवलेली आसनं हजीऱ्यात रोज सकाळी फुकट बघायला मिळतात. फक्त पोटं जरा सुटलेली असतात, इतकंच.

गौस साहेबांचा हा मोकळेपणा त्या काळात सगळ्यांनाच मानवला असं नाही. अकबराच्या दरबारातला कडवा इतिहासकार बदायुनी याने एक आठवण लिहून ठेवली आहे. आग्ऱ्यात त्याने शेखांना लांबून पाहिलं, भेटायची इच्छा झाली. पण हे हिंदूंनाही उठून मान देतात असं कानावर आलं, आणि भेटीचा विचार त्याने सोडून दिला. चारशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचताना मला वाटलं, याहून चांगलं प्रमाणपत्र शेखांना कुणी दिलं नसेल.

मोठ्या मकबऱ्यापासून थोडं बाजूला, एका ओट्यावर, खांबांवर उभी असलेली लहानशी उघडी छत्री आहे. ती तानसेनची. पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण फसतो. मोठी इमारत तानसेनची असणार असं धरून तो तिच्याकडे चालू लागतो. पण परंपरा सांगते की गौस हे तानसेनचे गुरू, आणि गुरूच्या अंगणात शिष्याने किती जागा घ्यायची हे त्या ओट्याच्या मापावरून कळतं. रीवाच्या राजा रामचंद्राकडून तानसेन १५६२ मध्ये अकबराकडे गेला. 'आईन-ए-अकबरी'तली दरबारी कलावंतांची यादी पाहिली तर त्यांतले जवळजवळ निम्मे ग्वाल्हेरचे निघतात. तानसेनचा जन्मही, म्हणतात, जवळच्याच बेहट गावचा.

छत्रीशेजारी चिंच आहे. तिचा पाला चावला की गळा गोड होतो ही समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथून गेलेल्या इंग्रज प्रवाशांनीसुद्धा ती टिपून ठेवली. गाणारे आले, नाचणाऱ्या आल्या, मग ज्यांना गाण्याशी काही देणंघेणं नाही असे हौशीही आले. प्रत्येकाने चारच पानं घेतली. जुनं झाड टिकलं नाही. आज दिसते ती नंतरची चिंच आहे, आणि तिच्याही खालच्या फांद्यांकडे येणाऱ्यांचे हात आपोआप जातात. सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूचं काय होतं यावर अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ आहेत. हजीऱ्यात तो धडा एका झाडावर आटोपला आहे.

झाडाचं जे झालं ते हिरवळीचं झालं नाही, याचं श्रेय मी पाटीवरच्या नियमांना देणार नाही. पाटी आहे. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी, १९५८ च्या कायद्याचा हवाला देणारी. जागेची वाटणी मात्र घड्याळ करतं. फिरणारे ऊन चढलं की घरी जातात. मग परीक्षेची पुस्तकं घेऊन पोरं येतात, आणि ती सावलीबरोबर जागा बदलत राहतात. गुरुवारी फुलं आणि अगरबत्ती घेऊन येणारे वेगळे. त्यांत डोक्यावर पदर घेतलेल्या असतात, कुंकू लावलेल्याही असतात. दुपारी, ज्यांना शहरात इतरत्र बसू दिलं जात नाही अशी तरुण जोडपी. त्यांच्याकडे न पाहण्याची कला इथल्या म्हाताऱ्यांना साधली आहे. चार वाजले की क्रिकेट. एकाची वेळ संपायला आणि दुसऱ्याची सुरू व्हायला कुणी घंटा वाजवत नाही.

हा सगळा मामला गोडीगुलाबीचाच आहे असं मात्र नाही. गौस साहेबांच्या मकबऱ्यात उरूस भरवण्याची आणि नमाज पढण्याची परवानगी मिळावी ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ती नाकारली. राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे, त्याला इजा होता कामा नये, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर निकाल समजतो. सोळाव्या शतकातल्या जाळीला एक खिळा ठोकला तरी तो परत निघत नाही. तरीही एक गोष्ट मनात राहते. ज्या माणसामुळे हे अंगण झालं त्याच्या नावाची जत्रा इथं भरू शकत नाही, आणि त्याच्या शिष्याच्या नावाची मात्र दर डिसेंबरात भरते. खिळा कुणाचाही असो, दगडाला सारखाच लागतो, हे समारंभाचे मांडव घालणाऱ्यांनाही लागू व्हायला हवं.

तो डिसेंबरचा समारंभ म्हणजे तानसेन समारोह. १९२४ मध्ये शिंद्यांच्या राजवटीत तानसेनचा उरूस म्हणून तो सुरू झाला, आणि २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. त्याची सुरुवात मुद्दाम उठून बघण्यासारखी असते. सकाळी समाधीजवळ सनई वाजते. मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा होते. हा मठ नाथपरंपरेतला, शिंदेशाहीबरोबर इकडे रुजलेला. कथा हिंदीत चालते, पण उभं राहण्याची ढब, पदातून आख्यानात शिरण्याची आणि मधेच विनोद करून परत मूळ पदावर येण्याची रीत आपल्या नारदीय कीर्तनाचीच. हरिकथा संपते तिथंच मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, सुरू होतो. त्यानंतर कबरीवर चादर चढते. ऐकणारे उठत नाहीत. बुवा आणि मौलाना यांच्यामध्ये फार तर गालिचा सरळ करण्याइतका वेळ जातो.

संध्याकाळी आणि रात्री मैफली. मंचामागे राज्यातल्या एखाद्या जुन्या वास्तूची प्रतिकृती उभारलेली असते आणि समोर थंडीत शाली गुंडाळून बसलेले लोक. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. म्हणून संगीत महाविद्यालयातले विद्यार्थी, सरकारी पाहुणे आणि गिरणीतून निवृत्त झालेला फिटर एकाच मांडवात असतात, रांगा भले वेगळ्या असोत. या गावाने वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, त्यांच्याकडून विष्णु दिगंबरांकडे आणि पुढं अख्ख्या महाराष्ट्राकडे ख्याल पाठवला. त्या ऋणाची आठवण ठेवून तरी मराठी माणसाने एक डिसेंबर इथं काढावा.

शास्त्रीय गाणं ज्यांना झेपत नाही त्यांचीही सोय हजीऱ्यानेच केली आहे. समारोहाच्या आदल्या संध्याकाळी 'गमक' नावाचा पूर्वरंग होतो, तोही इंटक मैदानावर. इंटक म्हणजे कामगारांची संघटना. तिच्या नावाच्या मैदानावर आता सूफी आणि गझल गाणारे येतात, आणि सगळी वस्ती लोटते. मांडव पडला की फिरायला येणाऱ्यांची वाट आठवडाभर मोडते. ते कुरकुरतात, थोडे लांबून फिरतात, आणि रात्री पहिल्या तासाला तेच येऊन बसलेले असतात.

याहून वेगळी तऱ्हा लष्कराच्या बाजूला दिसते. तिथं, मोती महालाजवळ, बैजाताल आहे. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतरावांची राणी आणि त्यांच्या मागे राज्य चालवलेल्या बायजाबाईंचं नाव त्याला मिळालं आहे. तळ्याच्या मधोमध रंगमंच आहे. गाणारा पाण्यात, ऐकणारे काठावर. राजेशाही कल्पना आहे, सुंदरही आहे. जवळच्या फूलबागेत तर एकाच आवारात गोपाळमंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज. तिथं प्रत्येकाला स्वतःची इमारत मिळाली. हजीऱ्यात तळं नाही, इमारती वाटून द्यायला जागाही नाही. म्हणून एकाच हिरवळीवर एकामागून एक यावं लागतं.

मी निघालो तेव्हा क्रिकेटचा शेवटचा डाव चालू होता. चेंडू उंच गेला आणि तानसेनच्या ओट्यावर टप टप करत थांबला. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा धावत आला, पायरीशी थबकला, एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी. अनवाणी वर चढला, चेंडू उचलला, खाली उतरला. मागून कप्तान ओरडत होता, "अबे जल्दी कर, अंधेरा हो रहा है!"