विद्युत् गिटारची घरगुती जुळणी

तंतुवाद्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सतार, तंबोरा, फार तर एकतारी येते. विद्युत् गिटार मात्र कारखान्यातच तयार होणारी, विजेवर चालणारी काही गूढ वस्तू वाटते. वास्तविक ती सुट्या भागांतून घरीही जुळवता येते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी व मी अशी एक गिटार जुळवली. वडील सुतारकाम करतात, त्यामुळे हत्यारे घरचीच होती. त्या कामात जे शास्त्र उमगले, ते येथे थोडक्यात मांडतो.

संचात लाकडी अंग, पडदे बसवलेली मान, सहा खुंट्या, घोडी, तारा, पिकअप, आवाजाची बटणे व थोडी वायर एवढे साहित्य येते. लाकूड कोरेच असते. त्याला पॉलिशपेपर मारून चपडा व स्पिरिटचे पॉलिश हाताने चढवावे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. मग मान अंगातील खाचेत चार स्क्रूंनी आवळावी.

खरी परीक्षा यापुढे सुरू होते. मोकळी तार आणि बरोबर मध्यावर दाबलेली तार यांच्या सुरांत एका सप्तकाचे अंतर असते. गिटारीवर हा मध्य म्हणजे बारावा पडदा. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर तो ३२४ मिलिमीटरवर येतो. बाकीच्या पडद्यांसाठी दर वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागतात. पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर, दुसरा त्यापुढे ३४.३ मिलिमीटरवर; म्हणूनच पडदे घोडीकडे दाट होत जातात. पडदे कारखान्यातूनच बसून येतात, परंतु घोडीची जागा तपासावी लागते. ती ढळली तर सगळे पडदे बेसूर होतात. मी वहीवर हिशेब मांडत होतो. वडिलांनी मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत दोरा ताणला, त्याची दुहेरी घडी केली आणि बाराव्या पडद्याशी लावून दाखवली. दोन्ही उत्तरे एकच निघाली.

गिटारला हात लावल्यास शॉक बसेल का, असे शेजारी विचारीत. साध्या गिटारीत बाहेरची वीज येतच नाही. ती लागते अ‍ॅम्प्लिफायरला. पिकअपमध्ये लोहचुंबक असून त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखविले. त्यावर चालणारी गिटार अमेरिकेत १९३२ मध्ये विक्रीस आली. वेढे आसपासच्या विजेची घरघरही पकडतात. ती कमी व्हावी म्हणून घोडीखालून एक वायर आणून बटणाच्या पत्र्याला डाख द्यावा.

सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४० ते ४५ किलो असतो. त्यापुढे मान वाकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई असते. छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते; तेव्हा ही सळई पाव फेऱ्याहून अधिक एकदम फिरवू नये.

आपल्याकडे तंतुवाद्यांचे माहेरघर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, या धंद्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतील आद्य नाव. २०२४ मध्ये तेथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे असतात. त्यांची जागा कान ठरवतो. गिटारीची तार पडद्याला घासून झणझणली तर तो दोष ठरतो. तंबोऱ्याला मात्र तीच झणझण हवी असते. तिच्यासाठी कारागीर घोडीचा माथा कणाकणाने घासून जवारी काढतो. हे काम कोणत्याही संचात मिळत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी सुताराची, शिंप्याची, गवंड्याची हत्यारे आहेत. कॉलेजात आलो म्हणजे ती अडगळीत टाकायची, हा समज सोडला पाहिजे. वहीतील सूत्र एकदा दोऱ्याच्या घडीला लावून पाहावे. सूत्रही समजते आणि दोरा धरणारा हातही.